निळं चाटायचं नाही

"जीभ काढ."

यमुनाकाकी शिवलकर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. रत्नागिरीच्या मुरुगवाड्यात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि नळाला पाणी किती वाजता येतं एवढंच विचारायला मी शेजारच्या दारात उभी होते. काकींच्या हातात साबणाच्या वडीएवढा गुलाबी दगड होता आणि तो माझ्या नाकासमोर आला होता.

"अं?"

"जीभ गो, जीभ. डॉक्टरला दाखवतेस ना, तशी. वायच टोक लाव नि सांग कायची चव लागते ती."

अनोळखी घरात, अनोळखी बाईच्या हातातला दगड मी चाटला. नाही म्हणायची सोयच नव्हती. काकींचा दुसरा हात माझ्या मानेमागे होता.

"खारट," मी म्हणाले.

"खारट!" काकींनी आतल्या खोलीकडे तोंड फिरवलं. "आवो, ऐकलंत? खारट बोलते! जो येतो तो खारटच बोलतो. अगो बाय, खारट तर माणसाचा घामपण असतो. नीट चाट. आधी वायच गोडूस लागतं, मग खारट, नि जाता जाता लोखंडाचा वास. हा दुबईच्या बाजारातला. आता हा बघ, हा पोलंडचा, हा थंड लागतो..."

आतून गंगारामकाकांचा आवाज आला. "सोड गो तिला. पाण्याचं विचारायला आली असंल."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तू मीठ चाटवलंस ना? आता विचारीलच."

असं आमचं शेजारपण सुरू झालं.

काकी बुटक्या, गोल, साठी कधीच ओलांडलेल्या. गाऊनवर टॉवेल टाकून मच्छीमार्केट गाजवणाऱ्या. बांगडा शिळा आहे हे पटवून देण्यासाठी तो विकणारणीच्याच नाकाला लावणाऱ्या. पण दसऱ्याच्या दिवशी बघाव्यात. लोक गाड्या धुतात, कोयत्यांना हळदीकुंकू वाहतात, आणि काकी जरीची साडी नेसून काचेच्या कपाटासमोर बसतात. कपाटातून एकेक खडा बाहेर निघतो, त्याला फूल वाहिलं जातं, मग काकी डोळे मिटून त्याला जिभेचं टोक लावतात आणि मान डोलावतात. खडा जिवंत आहे, अशी नोंद झाली. पुढचा.

मिठाचे खडे. गुलाबी, नारिंगी, राखाडी, विटकरी लाल, खडीसाखरेसारखे पारदर्शक चौकोनी, सिसिलीचा तर चक्क पट्ट्यापट्ट्यांचा, जुन्या मफलरसारखा. कुणी शिकलेला माणूस घरी आला आणि "वा, छान खनिजांचा संग्रह आहे" म्हणाला की काकींना राग येतो.

"खनिज नि फनिज काय? मीठ हाय ते. माझ्या घोवानं आणलेलं."

आणि त्या घोवाचं आता मीठ बंद. गंगारामकाकांना ब्लडप्रेशर. घरात जगभरचं मीठ, आणि घरधनी अळणी आमटीत भात कालवून कपाटाकडे बघत जेवतोय, हे दृश्य मी रोज आमच्या खिडकीतून बघते.

हे सगळं एका भांडणातून सुरू झालं. ती कहाणी दोघं मिळून सांगतात. दोघांची वाक्यं ठरलेली आहेत, मध्ये कुणी बोलायचं नाही.

"लग्न होऊन महिना झाला नव्हता," काकी सुरुवात करतात. "ह्यांना बोटीवर जायचं होतं. तेव्हा साधे खलाशी, सारंग मग झाले. मी पहाटे उठून बांगड्याचं तिखलं केलं. माणूस सहा-सहा महिने जाणार, म्हणून जीव ओतून केलं. ह्यांनी पहिला घास घेतला नि..."

"मीठ कमी हाय," काका म्हणतात.

"असंच! ह्याच तोंडानं! मी बोलले, वरून घ्या. तर बोलतात कसे..."

"बोटीवर रांधणारा भंडारीपण ह्याच्यापेक्षा बरं करतो."

"मग मी बोलले, जा तर मग. नि येताना तुमच्या बोटीवरनंच मीठ घेऊन या. माझ्या घरात तुमच्यापुरतं मीठ नाय!"

काका गेले. महिने लोटले, आणि परत आले तेव्हा बॅगेत बायकोसाठी सेंट नव्हता, साडी नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळलेला दोन मुठींएवढा मिठाचा दगड होता. त्यांनी तो चुलीशेजारी ठेवला आणि म्हणाले, "हे घे. आता घाल आमटीत."

काकी आधी रडल्या, मग इतक्या हसल्या की सासूबाई धावत आल्या. दगड आमटीत काही गेला नाही. आणि तेव्हापासून काका ज्या बंदराला लागतील तिथलं मीठ हुडकू लागले.

मुंबईच्या कस्टममध्ये दरवेळी तमाशा व्हायचा. तो प्रवेश काका उभे राहून करतात.

"ये क्या है?"

"नमक है साब."

"नमक? विलायत से नमक? अंदर क्या छुपाया है?"

"कुछ नहीं साब. चाटके देखो."

"मैं क्यों चाटूं? तू चाट. ये भी चाट. वो लालवाला भी. सब चाट!"

आणि भर कस्टममध्ये, परफ्यूम आणि टेपरेकॉर्डर घेऊन आलेल्या खलाशांच्या रांगेत, गंगाराम शिवलकर एकेक दगड चाटत उभे. साहेब कमरेवर हात ठेवून बघतोय. शेवटी तोच कंटाळून म्हणायचा, "जा रे बाबा, जा. बीवी को बोल, नमक यहाँ भी मिलता है."

प्रत्येक दगडाची अशी कस्टमची गोष्ट आहे. फक्त निळ्याची नाही. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

निळा हा काकींचा राजा. कपाटात मधोमध, लाल मखमलीच्या तुकड्यावर बसलेला. मुठीएवढा, तिरक्या धारांचा, आणि निळा म्हणजे असा निळा, की बघताना डोळ्यांना गार वाटतं. इराणचा. मुरुगवाड्यात काकींना 'निळ्या मिठाची बाई' म्हणून ओळखतात ते ह्याच्यामुळे. आणि त्याचा नियम एकच.

"निळं चाटायचं नाय," काकींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. "इराणी लोकांत सांगतात, निळं मीठ बायकोनं चाटलं तर नवरा समुद्रावर वाट चुकतो. मी कधी जीभ लावली नाय. दसऱ्यालापण नुसतं फूल."

"पण काका तर आता रिटायर झाले ना?"

"म्हणून काय झालं? माणूस हाय. कधी होडीत बसला तर?"

आता रत्नागिरीत मीठ जमवायचं म्हणजे जूनपासून चार महिने बाळंतिणीसारखी त्याची काळजी घ्यायची. इथल्या हवेत कपड्यांच्या कपाटाला बुरशी येते, पापड चामड्यासारखे होतात, मग मिठाचं काय? सिसिलीचा आधी घामेजतो, पोलंडचा पाणी सोडतो, स्पेनचा तर सरळ थारोळ्यात बसतो. इतकी वर्षं काकी मिरगाच्या आधी सगळे खडे फडक्यात बांधून तांदळाच्या पिंपात पुरायच्या. पावसाळाभर त्यांच्या भाताला वेगळं मीठ लागायचं नाही. निळा तेवढा वर कपाटात राहायचा, कारण तो कधी घामेजायचाच नाही. धो-धो पावसातही कोरडा, धारदार, चकचकीत.

"खानदानी हाय तो," काकी म्हणायच्या. "बाकीचे रडके."

गेल्या उन्हाळ्यात काकींचा गुडघा गेला. पिंपात वाकणं बंद झालं. तेव्हा काकांनी गुपचूप कपाट दुरुस्त करायला काढलं. दारांच्या फटींना रबराची पट्टी लावली, नितेश वायरमनकडून आत साठ-साठचे दोन पिवळे बल्ब बसवून घेतले, आणि पावसाच्या तोंडावर कळ दाबून म्हणाले, "बघ. आता तुझी पोरं उबेला."

खरोखर, भर आषाढात सगळे खडे खडखडीत. काकी येईल-जाईल त्याला कपाट उघडून आत हात घालायला लावत. "बघ, कशी भट्टीसारखी ऊब! डोकं हाय माझ्या माणसाला. फक्त वापरत नाय."

आणि मग निळा पांढरा पडू लागला.

आधी कडांना, मग अंगभर, आंब्याच्या मोहरावर भुरी पडते तशी पांढरट भुकटी. काकी कासावीस झाल्या. फुंकर मारून झाली, मऊ फडक्याने पुसून झालं, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढून झाली. मिठाचीच दृष्ट मिठाने. निळा दिवसेंदिवस फिकाच.

एका सकाळी काकी बाजारात गेल्या होत्या. मी ताक द्यायला म्हणून त्यांच्या दारात आले, तर काका कपाटासमोर. हातात इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली. आणि निळ्यावर फूस, फूस, फूस.

"काका! मिठावर पाणी?"

काकांनी बाटली पाठीमागे लपवली. पन्नाशी-साठीत नव्हे, सत्तरीला टेकलेला माणूस, डेकवर चाळीस खलाशांना नुसत्या आवाजावर नाचवलेला सारंग, आणि चेहरा दुधाच्या पातेल्याजवळ सापडलेल्या मांजरासारखा.

"दार लाव," ते म्हणाले. "नि शपथ घे."

"कशाची?"

"मिठाची."

"खरं काय ते सांगा आधी."

"ते मीठ नाय गो." त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला पुढे वाकावं लागलं. "मोरचूद हाय ते. गुहागरचं."

मी निळ्याकडे बघितलं. पाणी पडलं होतं तिथे तो परत निळा होत होता.

"त्या वर्षी बोट बंदर अब्बासला जायची होती. कॅप्टन बोलला, तिकडं निळं मीठ मिळतं. झालं, मी हिला पत्रात लिहून मोकळा, निळं आणतो. हिनं अख्ख्या वाडीत सांगितलं. नि मालकानं बोट वळवली कोलंबोला! इराण नायच बघितला मी, आजतागायत. मुंबईला उतरलो, एस्टीत बसलो, तोंड कसं दाखवू म्हणून आधी गुहागरला बहिणीकडं उतरलो. तिच्या सासऱ्याची सुपारीची बाग. पावसात सुपारी गळते म्हणून मोरचुदाचं औषध मारतात ना, त्याचं पिंप मागच्या पडवीत राहिलेलं. आतलं पाणी आटत आलेलं, त्यात काथ्याची दोरी पडलेली, नि दोरीच्या टोकाला हा. एवढा! निळाशार! मी बोललो, रामा, बंदर अब्बास इथंच हाय."

"आणि चाटायचं नाही ते?"

"विष ना ते! ही तर दिसंल ते चाटते. म्हणून मग इराणी लोकांचं सांगितलं."

"इराणी लोक खरंच असं म्हणतात?"

"मी बोललो. इराण्याला कोण विचारायला जातो?"

मला हसू आवरेना. काका मात्र हसत नव्हते. बाटली गुडघ्यावर ठेवून बसले होते.

"हस तू. पण हिला कळलं ना, तर हे बाकीचे सगळे गेले. एक खोटा निघाला की दुसऱ्याचा भरवसा काय? बोलंल, पोलंडचापण चिपळूणवरनं आणलात. नि बाकीचे खरे हायत गो. सगळ्या बंदरांत वणवण केलीय मी त्यांच्यापायी. माझ्याकडं दुसरं काय हाय दाखवायला? आयुष्यभर पाण्यावर होतो, पाण्यावर काय लिहून राहतं?"

मी शपथ घेतली. त्या दिवसापासून काकी घराबाहेर पडल्या की मी त्यांच्या पायरीवर बसून पहारा द्यायचे आणि आत काका निळ्याला पाणी पाजायचे.

अडचण झाली ती मालिनीबाईंमुळे. मालिनीबाई म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्त झालेल्या आहेत हे अजून मान्य न केलेल्या. त्यांनी श्रावणात 'आपले छंद' नावाचं प्रदर्शन ठरवलं आणि काकींना निरोप धाडला, की तुमचं मीठ हवं.

"येते," काकी म्हणाल्या. "पण निळं मधोमध."

काकांनी हातपाय मारले. आधी म्हणाले, "ते आजारी हाय. नको नेऊ."

"मग तर न्यायलाच हवं. हवापालट होईल त्याची."

मग निळा गायब झाला. काकींनी घर पालथं घातलं, आणि तो सापडला काकांच्या बोटीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या सदऱ्यात गुंडाळलेला.

"हा ट्रंकेत कसा गेला?"

"बोटीची आठवण आली असंल त्याला."

काकींनी काकांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गो, ह्यांचं काहीतरी बिघडलंय. परवा मला कपाटाखाली पाणी दिसलं. विचारलं तर बोलतात, निळं रडलं असंल. सांभाळ वायच माझ्या पाठी."

प्रदर्शनाच्या दिवशी मंडळाचा हॉल भरला होता. क्रोशाच्या पिशव्या, करवंटीचे दिवे, काडेपेट्यांवरच्या चित्रांच्या वह्या, आणि खिडकीजवळच्या लांब टेबलावर काकींचं मीठ. प्रत्येक खड्यापुढे काकींनी सांगितलेलं आणि मी लिहिलेलं कार्ड. 'पोलंड. थंड लागतो.' 'सिसिली. मधल्या पट्ट्याला चव जास्त.' 'ऑस्ट्रेलिया. दिसायला बरा, चवीला उगाच.'

मालिनीबाईंचा आणि काकींचा पहिला खटका दारातच उडाला.

"यमुनाबाई, लोकांनी चाटायचं नाही हं. एकाच दगडाला शंभर जिभा, काय हे?"

"मग चव कशी कळणार?"

"बघून समाधान मानायचं."

"बघून मीठ कळतं? तुमच्या आमटीत बघून घालता तुम्ही?"

शेवटी प्रत्येक खड्याची थोडी भुकटी खरवडून द्रोणात ठेवायची आणि आइस्क्रीमच्या काडीने चाखायची, असा तह झाला. निळ्यापुढे द्रोण नव्हता. त्याच्या शेजारी काका उभे होते. डोक्यावर बोटीवरची टोपी, हात मागे बांधलेले. रात्रभर पाणी पाजल्यामुळे निळा झळाळत होता. काकांच्या कपाळावर मात्र घाम.

"उद्घाटनाला कोण आलाय पाहुणा?" त्यांनी मला ओठ न हलवता विचारलं.

"कुणी राजाभाऊ म्हणून आहेत. बागायतदार."

"आंब्याचे?"

"सुपारीचे. गुहागरचे."

काकांनी टेबलाची कड धरली.

राजाभाऊ उंच, गोरे, हसतमुख, गालात सुपारी. फीत कापली, क्रोशाचं कौतुक केलं, करवंटीचा दिवा हातात धरून फोटो काढला, आणि मिठाच्या टेबलाशी आले. दुबई चाखलं, पोलंड चाखलं, "वा, खरंच थंड!" म्हणाले. काकी खुलल्या. मग राजाभाऊ निळ्यावर वाकले. सरळ झाले. पुन्हा वाकले. आणि मोठ्याने हसले.

"वा वा, यमुनाबाई! ही गंमत छान केलीत. मिठांच्यात मोरचूद!"

"काय?"

"मोरचूद हो. आमच्याकडे फवारणीला लागतं. माझ्या पडवीत पिंपभर पडलंय. पण एवढा मोठा खडा नव्हता बघितला कधी."

मालिनीबाई चष्मा पुसत पुढे आल्या. काकींनी पदर खोचला.

"राजाभाऊ, तुम्ही पाहुणे आहात म्हणून ऐकून घेते. हे निळं मीठ हाय. माझ्या माणसानं इराणवरनं आणलंय. आवो, सांगा त्यांना."

काका निळ्याच्या आणखी जवळ सरकले.

"सांगा ना!"

"इराण..." काकांनी टोपी सारखी केली. "इराण लांब हाय."

"ऐकलंत? लांब हाय बोलले!"

"लांब आहे हो," राजाभाऊ चाचरले, "पण हा रंग, ह्या धारा... मी लहानपणापासून बघतोय."

"थांबा." काकींनी निळा उचलला. "मी ह्याला आजवर जीभ लावली नाय. का? तर माझा माणूस पाण्यावर होता. त्याची वाट चुकंल म्हणून. पण आता हे जाऊन जाऊन मारुती मंदिरापर्यंत जातात. चुकले तर विचारतील कुणाला तरी. माझ्या माणसाला कुणी चारचौघांत खोटा बोलायचं नाय. बघा. चाटून दाखवते. मीठ असंल तर मीठ लागंल."

आणि काकींनी डोळे मिटले, दसऱ्याला मिटतात तसे, आणि जीभ बाहेर काढली.

मी ओरडणार होते. पण माझ्याआधी जो आवाज आला तो मी जन्मात ऐकला नव्हता. बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वादळातही पोचायचा तो आवाज.

"यमुनेऽऽऽ!"

करवंटीचा एक दिवा खाली पडला. काकांनी टेबलावरून झेप घेतली आणि दोन्ही पंजांत निळा झाकून टाकला. काकींची जीभ, निघालेलीच होती, ती लागली काकांच्या मनगटाला.

"चाटू नको! मोरचूद हाय ते! विष हाय! गुहागरचं हाय!"

काकींनी डोळे उघडले. जीभ हळूच आत घेतली. चव घेतली.

"खारट," त्या म्हणाल्या.

राजाभाऊंनी सुपारी चावणं थांबवलं होतं.

"गुहागर?"

"हो."

"इराण नाय?"

"बोट वळवली गो. मी तुला लिहून बसलेलो."

"नि वाट चुकतो ते?"

"मी रचलं. तू चाटशील म्हणून. जीव जाईल म्हणून."

काकी टेबलाकडे वळल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या खड्यांवरून त्यांची नजर फिरली, आणि काकांना जे वाक्य इतकी वर्षं नको होतं ते आलंच.

"मग हे बाकीचे?"

काकांनी निळा माझ्या हातात दिला. टोपी काढून खिशात कोंबली, हात पँटला पुसले, आणि पोलंड उचलला. चाटला. "खरा!" सिसिली उचलला. चाटला. "खरा! पालेर्मोच्या बाजारात दोन तास हुडकला." स्पेन. "खरा!" दुबई. "खरा! देवाशपथ खरा!"

"अहो गंगारामपंत, काड्या आहेत, काड्या!" मालिनीबाई किंचाळल्या. कुणी ऐकतंय?

काकी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला कस्टमचा साहेब आठवला.

"तो लाल."

काकांनी लाल चाटला.

"तो राखाडी."

राखाडी चाटला.

"सगळे चाटा."

सत्तरीचा तो माणूस, ओठ पांढरे झालेले, डोळ्यांत पाणी, एकेका बंदराचं नाव घेत टेबलाच्या कडेने पुढे सरकत होता. लोक मोबाईल काढायचेही विसरले होते. शेवटी ऑस्ट्रेलियाचा चौकोनी खडा तेवढा उरला. काकांनी तो तोंडाशी नेला, आणि काकींनी त्यांचा हात धरला.

"पुरे."

"राहू दे गो, हापण खरा हाय, डॅम्पियरवरनं..."

"पुरे बोलले ना. बी.पी. हाय तुम्हाला."

त्यांनी खडा काढून घेतला आणि गाऊनच्या सवयीने खांद्यावर टॉवेल शोधला. तो नव्हता, म्हणून जरीच्या पदराने काकांचं तोंड पुसलं. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं. निळ्याच्या कार्डावरचं 'इराण' खोडलं आणि वाकड्या अक्षरांत स्वतः लिहिलं, 'गुहागर. मोरचूद. चाटू नये.'

"राजाभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या पिंपात एवढा खडा नव्हता ना?"

"नाही हो. खरंच नाही."

"मग बघून घ्या नीट."

त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी निळ्यापुढे होती.

घरी आल्यावर काकींनी काकांशी गणपती येईपर्यंत बोलणं टाकलं. पथ्याचं जेवण मात्र वेळेवर. मध्ये निरोप्याचं काम माझ्याकडे. "त्यांना सांग, गोळी घ्या." "तिला सांग, घेतली."

"अजून रागावलाय, काकी?" एकदा मी विचारलं.

"खोटं बोलला त्याचा राग नाय." त्या कोळंबी सोलत होत्या. "इतकी वर्षं मला त्या निळ्याची चव काय असंल, काय असंल वाटत राहिलं. कितीदा जिभेवर आलेली गो. ह्याच्या वाटेपायी आवरली. नि ह्याची वाट काय, तर गुहागर! दोन-तीन तासांची! माणसानं सांगावं की नाय?" मग कोळंबीचं टरफल टाकत म्हणाल्या, "पण बाकीचे कसे, बंदराला लागला, बाजारात गेला, घेऊन आला. ह्या एकट्यापायी त्यानं डोकं वापरलं."

निळा आता कपाटात नाही. बल्बच्या उबेत तो पांढरा पडतो हे कळल्यावर काकींनी त्याला झाकणाच्या बरणीत घालून, वर लाल कागद चिकटवून, न्हाणीच्या खिडकीत ठेवलंय. तिथे सदा ओल. बाकीची सगळी मंडळी कपाटात शेकत बसलेली असतात, आणि हा एकटा पावसाकडे तोंड करून, दिवसेंदिवस जास्तच निळा.

परवा गॅसची शेगडी दुरुस्त करायला एक नवीन माणूस आला होता. मी खिडकीतून ऐकत होते.

"जीभ काढ," काकी म्हणाल्या.

दुबई झालं, पोलंड झालं. त्याने पाणी मागितलं. न्हाणीकडे वळता वळता त्याला बरणी दिसली.

"आणि मावशी, तो निळा कुठला?"

"तो चाटायचा नाय. विष हाय." आतल्या खोलीत काकांचं वर्तमानपत्र वाजायचं थांबलं. "तो आमच्या ह्यांनी इराणला जाताना आणला. गुहागरवरनं."